पन्नास ग्रॅमचा रहाट

घड्याळ समोर ठेवून शांत बसा आणि एक मिनिट नुसता श्वास घ्या. त्या एका मिनिटात शरीराने हवेतला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन उचललेला असतो. चालणे-फिरणे, घरकाम, जिने चढणे हे सगळे धरले तर चोवीस तासांचा आकडा चारशे लिटरच्या वर जातो. रसायनशास्त्राच्या मापात हा झाला १७ मोल ऑक्सिजन. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे आपल्या पेशी साधारण पाच रेणू एटीपी बनवतात, म्हणजे एकूण ८५ मोल एटीपी. एका मोलचे वजन ५०७ ग्रॅम. गुणाकार करा: ४३ किलो.

साठ किलो वजनाचा माणूस, कोणतेही जड काम न करता, दिवसाकाठी ४३ किलो एटीपी तयार करतो. आणि कोणत्याही एका क्षणी त्याच्या अंगात एटीपी असते किती? सुमारे पन्नास ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांचे वजन.

हे दोन आकडे मी पहिल्यांदा शेजारी मांडले तेव्हा कुठेतरी शून्य चुकले असेल असे वाटून हिशेब पुन्हा केला. शून्य चुकलेले नव्हते. शिल्लक पन्नास ग्रॅम आणि उलाढाल ४३ किलो, या तफावतीतच पेशीच्या जगण्याची सगळी रीत आहे.

एटीपी म्हणजे अ‍ॅडिनोसिन ट्रायफॉस्फेट. एका रेणूला फॉस्फेटचे तीन तुकडे एकापुढे एक जोडलेले. शेवटचा तुकडा सुटतो तेव्हा मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेवर स्नायू आखडतात, मज्जातंतू पुढच्या संदेशासाठी सज्ज होतात, पेशी नवी प्रथिने विणते. मागे उरतो दोन फॉस्फेटवाला एडीपी. तो फेकून दिला जात नाही. पुन्हा जागेवर जातो, तिसरा तुकडा जोडून घेतो आणि परत कामाला लागतो. कोकणातल्या विहिरीवरचा रहाट ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे वेगळे समजावायला नको. माळेला गाडगी मोजकीच असतात. तीच खाली जातात, भरून वर येतात, पन्हळीत रिती होतात आणि पुन्हा खाली जातात. बागेला किती पाणी मिळाले हे गाडग्यांच्या संख्येवरून कळत नाही, रहाट किती फिरला यावरून कळते. आपल्या अंगातले एटीपीचे प्रत्येक गाडगे दिवसातून सरासरी आठशेहून अधिक वेळा भरते आणि रिकामे होते. दर पावणेदोन मिनिटांनी एकदा, रात्री झोपेतसुद्धा.

पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी घ्या. तिच्यातून मिळतात साधारण १७० किलोकॅलरी. त्याच हिशेबाने पाहिले तर एका भाकरीवर साडेतीन किलोंच्या आसपास एटीपी भरून निघते.

आता रेणू मोजू. ८५ मोलला अ‍ॅव्होगाड्रोच्या संख्येने गुणून दिवसातल्या ८६,४०० सेकंदांनी भागले की येतात सेकंदाला सहावर वीस शून्ये इतके रेणू. आपल्या मोजणीत साठ लाख कोटी कोटी. नुसते उच्चारून त्याचा काही अंदाज येत नाही, म्हणून दुसरा आकडा शेजारी ठेवतो. विश्वाचा जन्म होऊन सुमारे १,३८० कोटी वर्षे झाली. तेव्हापासून आजवर जितके सेकंद उलटले, त्याच्या हजारपटीहून जास्त एटीपी रेणू तुमचे शरीर एका सेकंदात तयार करते.

हे काम सगळ्या पेशी सारखे वाटून घेत नाहीत. माणसाच्या शरीरात पेशी सुमारे तीस लाख कोटी. त्यांतल्या पंचवीस लाख कोटी नुसत्या तांबड्या रक्तपेशी, आणि त्यांच्याकडे तंतुकणिका नसतातच. ऑक्सिजन जाळण्याचे काम तंतुकणिकांमध्ये चालते, त्यामुळे शरीरभर ऑक्सिजन पोहोचवणारी ही पेशी स्वतः त्यातला कणभरही वापरत नाही. ती ग्लुकोज अर्धवट फोडून एका रेणूमागे फक्त दोन एटीपी मिळवते आणि तेवढ्यावर आपले चार महिन्यांचे आयुष्य काढते. तंतुकणिका असलेली पेशी त्याच एका ग्लुकोजमधून तीस ते बत्तीस एटीपी काढते. (जुन्या पाठ्यपुस्तकांत हा आकडा ३८ दिलेला असे. मधली गळती मोजल्यावर तो खाली आला.) या उरलेल्या पाचेक लाख कोटी पेशींवर बहुतेक सगळा भार पडतो. दर पेशीमागे सेकंदाला सरासरी दहा-बारा कोटी गाडगी भरायची.

ती भरतात कशी, हा विसाव्या शतकातला जीवरसायनशास्त्राचा सर्वांत मोठा वाद होता. अन्न जाळण्याच्या आणि एटीपी जोडण्याच्या मध्ये कुठला तरी खास रसायनाचा दुवा असणार, असे धरून मोठमोठ्या प्रयोगशाळा वर्षानुवर्षे तो दुवा शोधत राहिल्या. १९६१ मध्ये पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सांगितले की असा दुवा नाहीच. अन्नाच्या ऊर्जेवर पेशी तंतुकणिकेच्या आतल्या पटलापलीकडे प्रोटॉन उपसून टाकते. धरणात पाणी चढावे तसे ते एका बाजूला साचतात आणि परत येताना वाटेत चाक फिरवतात. बहुतेकांनी ही कल्पना उडवून लावली. प्रकृती बिघडल्याने एडिनबरा विद्यापीठ सोडलेल्या मिचेलने कॉर्नवॉलमधला एक पडका वाडा दुरुस्त करून तिथे आपली छोटी प्रयोगशाळा थाटली आणि काम चालू ठेवले. १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याला मिळाले.

त्या धरणाची भिंत पाहण्यासारखी आहे. पटलाची जाडी सुमारे पाच नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोन लाखावा भाग. तिच्या दोन बाजूंत दीडशे मिलिव्होल्टचा फरक. टॉर्चच्या सेलपेक्षा दसपटीने कमी, म्हणून क्षुल्लक वाटतो. पण हा फरक इतक्या पातळ भिंतीवर तोललेला आहे, की मीटरच्या मापात तो तीन कोटी व्होल्ट होतो. कोरडी हवा मीटरला तीस लाख व्होल्टच्या ताणाने फाटते आणि ठिणगी पडते. त्याच्या दसपट ताण तुमच्या प्रत्येक तंतुकणिकेची भिंत आत्ता, या क्षणी पेलते आहे.

आणि चाक? मिचेलच्या चित्रात ते उपमेपुरते होते. निघाले ते खरेखुरे चाक. एटीपी सिंथेज नावाचे हे प्रथिन आहे. त्याचा डोक्याकडचा भाग दहा नॅनोमीटर रुंद, माणसाच्या केसाच्या जाडीत आठ हजार मावतील एवढा. मधोमध एक आस असतो आणि प्रोटॉन आत शिरले की तो फिरतो. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत आठ प्रोटॉनमागे एक फेरा, आणि एका फेऱ्यात तीन एटीपी. अमेरिकेत पॉल बॉयर यांनी ही फिरकी आधी तर्काने मांडली. केंब्रिजमध्ये जॉन वॉकर यांनी १९९४ मध्ये या प्रथिनाची बारकाईने रचना काढली. १९९७ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. त्याच वर्षी जपानमध्ये नोजी आणि सहकाऱ्यांनी आसाला चमकणारा एक प्रथिनाचा धागा चिकटवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो गरगर फिरताना प्रत्यक्ष पाहिला. धागा यंत्राच्या शंभरपट लांब होता. सहा फुटी माणसाने सहाशे फुटी बांबू पाण्यात फिरवावा तसे. ओझे नसताना हा आस सेकंदाला शंभरहून जास्त फेरे घेतो, म्हणजे मिनिटाला सहा-सात हजार. मोटारीचे इंजिन या गतीला किंचाळू लागते.

माणूस दिवसभरात सरासरी शंभर वॅटने जळतो, जुन्या पिवळ्या बल्बएवढा. किलोमागे साधारण दीड वॅट. सूर्याची एकूण शक्ती त्याच्या वस्तुमानाने भागली तर किलोमागे वॅटचा पाच हजारावा हिस्सा येतो. वजनास वजन धरले तर पाळण्यात झोपलेले मूलसुद्धा सूर्यापेक्षा हजारो पटींनी जास्त शक्ती वापरत असते. हा आकडा मी कितीदा तपासला तरी तो मला जुना होत नाही.

पण मला सर्वांत थोर वाटते ती ही गती नव्हे. गती काय, यंत्रालाही देता येते. विचार करा, शिल्लक इतकी थोडी असताना खर्च एकाएकी वाढला तर काय होत असेल? बस सुटताना दिसली आणि तुम्ही धावलात, तर मांडीच्या स्नायूतला एटीपीचा खर्च बसल्या जागेच्या शंभरपटीपर्यंत जाऊ शकतो. स्नायूत असलेले एटीपी अशा वेळी दोन-तीन सेकंद पुरेल. तरीही धावताना त्याची पातळी फारशी हलत नाही. पेशीला टंचाई इतक्या लवकर कळते कशी?

इथे रहाटावरची गाडगी तीन प्रकारची आहेत असे समजा. भरलेले ते एटीपी, अर्धे ते एडीपी, पार रिते ते एएमपी. विसावलेल्या पेशीत साधारण ५० भरलेली, १० अर्धी आणि फक्त १ रिते असे प्रमाण असते. खर्च वाढला की अर्धी गाडगी वाढू लागतात. मग एक विकर दोन अर्धी गाडगी घेते, एकातले दुसऱ्यात ओतते आणि एक भरलेले, एक रिते करून ठेवते. आता मोजा. भरलेली ५० वरून ४५ वर आली, अर्धी होती तितकीच राहिली, तर रिती १ वरून ६ झाली. एटीपी घटले फक्त दहा टक्के, पण एएमपी सहापट झाले. पेशी भरलेल्या गाडग्यांची घट मोजत बसत नाही, रित्यांची वाढ ऐकते. लहानशी तूट मोठ्या आवाजात कळवणारी ही घंटा आहे. हाच पेशीच्या हिशेबातला सर्वांत सुंदर भाग, असे माझे स्पष्ट मत आहे.

घंटा वाजली की साखर फोडण्याच्या वाटेवरचा एक मोठा दरवाजा सताड उघडतो. त्या दरवाजावरच्या विकराला एटीपी भरपूर असले की तेच एटीपी चिकटून रोखून धरते, आणि एएमपी येऊन ती पकड सोडवते. एएमपी वाढल्यावर जागे होणारे दुसरे एक विकर संचय करणारी कामे थांबवते, म्हणजे चरबी आणि कोलेस्टेरॉल बनवणे बंद, आणि जाळणारी कामे सुरू. व्यायामाने हेच विकर जागे होते. मधुमेहाच्या असंख्य रुग्णांच्या डबीतली मेटफॉर्मिनची गोळीही काही अंशी याच घंटेला हात घालते.

या व्यवस्थेत बाहेरून ढवळाढवळ करण्याचा एक प्रयोग झालेला आहे आणि तो इथे सांगणे मी कर्तव्य समजतो. डायनायट्रोफिनॉल हे रसायन तंतुकणिकेच्या पटलातून प्रोटॉनना चोरवाट काढून देते. धरण गळते, चाक फिरत नाही, अन्न मात्र जळत राहते आणि सगळ्याची उष्णता होते. १९३० च्या दशकात अमेरिकेत वजन उतरवायला ते सर्रास दिले गेले. वजन उतरले, पण काहींचे डोळे मोतीबिंदूने गेले, काही जण अंगातल्या उष्णतेने मेले. १९३८ मध्ये ते माणसांच्या वापरासाठी अतिशय धोकादायक ठरवण्यात आले. आजही ते ‘फॅट बर्नर’ म्हणून चोरून विकले जाते. त्याला उतारा नाही. कोणी देऊ केले तर हात लावू नका.

हृदयाचा हिशेब वेगळा सांगायला हवा. तीनशे ग्रॅमचा हा स्नायू दिवसाला एक लाख वेळा आखडतो आणि सुमारे सहा किलो एटीपी खर्च करतो, स्वतःच्या वजनाच्या वीसपट. त्याच्याकडची शिल्लक काही सेकंदांची. आणि स्नायूला एटीपी नुसते आखडायला लागते असे नाही, सैल पडायलाही लागते. धरलेली पकड सोडवण्यासाठी प्रत्येक वेळी नवे एटीपी यावे लागते. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठ होते ते यामुळेच. शेवटचे एटीपी संपते आणि पकड तशीच राहते.

एटीपी प्रथम सापडले तेही स्नायूतच. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांना, आणि त्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे, जन्म १८९५ चा, शिक्षण मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात. या दोघांनी आधी १९२५ मध्ये फॉस्फरस मोजण्याची पद्धत बसवली. १९२७ मध्ये स्नायूतले फॉस्फोक्रिएटिन शोधले. बसमागे धावताना पहिले आठ-दहा सेकंद एटीपी भरून काढते ते हेच. हार्वर्डने सुब्बारावांना कायमची जागा दिली नाही. पुढे औषध कंपनीत त्यांच्या चमूने फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या बनवले, कर्करोगावरची अमिनोप्टेरिन आणि मेथोट्रेक्झेट ही औषधे घडवली. १९४८ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते गेले. १९९५ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आपल्या शाळा-महाविद्यालयांतून दरवर्षी लाखो मुले एटीपीची आकृती काढतात. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: फळ्यावर ती तीन अक्षरे लिहाल तेव्हा त्यांच्याखाली सुब्बारावांचे नावही लिहा.