मुलं मोठी झाल्यावरचा नाताळ

गोव्यातल्या आणि वसईतल्या ख्रिस्ती घरांत नाताळची लगबग २५ डिसेंबरच्या कितीतरी आधी सुरू होते. मुलं लहान असली की ती सगळी त्यांच्याभोवती फिरते. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात हिरवळ हवी म्हणून वाटीत नाचणी पेरायची, तिला रोज पाणी घालायचं काम धाकट्याकडे. मग कुलकुल. मैद्याची इवली गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि अलगद गुंडाळायची. मुलांच्या हातून निम्मी वाकडी वळली जातात, पण तळल्यावर आधी तीच संपतात.

कॉलेजात गेलेली मुलं मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर मित्रांकडे जातात. पुढे कुणी आखातात, कुणी ब्रिटनमध्ये, कुणी जहाजावर. आखातात बऱ्याच ठिकाणी २५ डिसेंबरला सुट्टी नसते, आणि प्रवासी जहाजांवर तर तो ऐन हंगाम. मग घरी आईवडील दोघंच. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि काळ्या गुळाचं दोदोल घट्ट होईपर्यंत ढवळायला दणकट हात लागतात; म्हणून ते विकत येतं. माझ्या मते पदार्थ खुशाल कमी करावेत, गोठा मात्र मांडावाच. ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत तो ठेवायची रीत आहे. सुट्टी उशिरा मिळालेल्या लेकीलाही मग नाताळ सापडतो.

अशा घरातून तुमच्याकडे नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट आलं, तर ते परत करायला स्वतः जा आणि घटकाभर बसा.