तलावाच्या पाण्याचा दर्प

उन्हाळ्याची सुटी लागली, की पोहण्याचे तलाव मुलांनी गजबजून जातात. घरी परतलेल्या मुलाचे डोळे लाल दिसतात, अंगाला उग्र दर्प येतो. एखादे मूल खोकतही असते. मग पाण्यातील क्लोरिन मुलाच्या प्रकृतीस बाधत तर नसेल ना, अशी शंका पालकांच्या मनात येते.

क्लोरिन पाण्यात का घालतात, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. शेकडो माणसे ज्या पाण्यात उतरतात, त्यात रोगजंतू यावयाचेच. पाण्यात क्लोरिनपासून हायपोक्लोरस आम्ल बनते व ते जंतूंचा नाश करते. दहा लक्ष भागांत केवळ १ भाग मोकळे क्लोरिन असले, तरी हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जंतूंचा मिनिटभरात निकाल लागतो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी मात्र अशा पाण्यात १० दिवसही तग धरतो. म्हणून जुलाब होत असलेल्या मुलास तलावात मुळीच उतरू देऊ नये.

मग डोळ्यांस झोंबणारा तो दर्प कशाचा? तो निव्वळ क्लोरिनचा नव्हे. घाम व मूत्र यांतील द्रव्यांशी क्लोरिनचा संयोग होऊन क्लोरामाइन वर्गातील संयुगे तयार होतात. त्यांपैकी ट्रायक्लोरामाइन सहज हवेत मिसळते आणि डोळे, नाक व श्वासनलिका यांचा दाह करते. ते पाण्याच्या पृष्ठभागावरून वर येते, आणि पोहणारे मूल नेमकी तेथलीच हवा आत घेते. तात्पर्य, उग्र वास ही पाणी स्वच्छ असल्याची खूण नसून, त्यात मळ फार झाल्याची सूचना आहे.

उघड्या तलावावरील ही हवा वाऱ्याने विरून जाते. बंदिस्त तलावात ती कोंडते. बेल्जियममधील आल्फ्रेड बर्नार्ड व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये शाळकरी मुलांची पाहणी करून, बंदिस्त तलावात वरचेवर जाणे व दमा यांचा संबंध असावा, असे मत मांडले. त्यावर पुष्कळ ऊहापोह झाला. पुढे २०११ मध्ये इंग्लंडच्या एव्हन परिसरातील ५,७३८ मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत पोहण्यामुळे दम्याचा धोका वाढल्याचे आढळले नाही. उलट, नियमित पोहणाऱ्यांची फुप्फुसे अधिक कार्यक्षम दिसली.

तेव्हा भीतीपोटी पोहणे सोडविणे हा उपाय नव्हे. नदीकाठी वा समुद्रकाठी वाढणाऱ्या मुलास पोहता न येणे, हाच मोठा धोका होय. मात्र पोहताना ज्यास खोकला वा धाप लागते, त्यास त्वरित बाहेर काढून डॉक्टरांना दाखवावे. व्यवस्थापकांनी मोकळे क्लोरिन व पाण्याचा सामू नित्य तपासावा. सामू साधारणपणे ७.२ ते ७.८ असावा. बंदिस्त जागी हवा खेळती ठेवावी आणि ब्लीचिंग पावडरीत आम्ल कदापि मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू उसळतो.

मुलांकडे काम थोडेच आहे: उतरण्यापूर्वी लघवीस जाऊन यावे व साबणाने स्वच्छ अंघोळ करावी. ही अंघोळ स्वतःपुरती नसून शेजारी पोहणाऱ्याच्या श्वासासाठीही आहे, एवढे त्यांना समजावून सांगितले, तर तलावाचे पाणी व हवा दोन्ही निवळ राहतील.