आकाशाच्या मौनाचा अर्थ

विश्वात मानवाखेरीज अन्य बुद्धिमान प्राणी आहेत काय, हा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलेही आता विचारू लागली आहेत. ‘इतकी वर्षे शोध होऊनही काही आढळले नाही, त्याअर्थी ते नाहीतच’ असे उत्तर आपण पुष्कळदा देऊन मोकळे होतो. हे उत्तर कितपत टिकते हे ठरविण्यापूर्वी शोध कसा झाला, हे पाहणे अगत्याचे आहे.

१९५९ साली जुझेप्पे कोक्कोनी व फिलिप मॉरिसन ह्या पदार्थविज्ञानवेत्त्यांनी असे मांडले की, विश्वात सर्वत्र असलेला हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. ही गोष्ट कोणत्याही ज्योतिर्विदाला ठाऊक असणारच. म्हणून संदेश पाठविणारा हीच तरंगलांबी निवडील. त्याच विचाराने १९६० साली फ्रँक ड्रेक ह्यांनी अमेरिकेतील ग्रीन बँक येथील २६ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण टाऊ सेटी व एप्सिलॉन एरिडानी ह्या दोन ताऱ्यांकडे वळविली. परकीय संदेश मिळाला नाही.

ह्या पद्धतीत तीन गोष्टी गृहीत धरल्या होत्या: परक्याला रेडिओ वापरणे आवडते, त्याला आपल्याशी बोलावयाचे आहे, आणि आपण ऐकत असू त्याच वेळी तो बोलत आहे. म्हणजे आपण परक्याला शोधावयास निघालो, परंतु मनात चित्र होते ते आपलेच.

फ्रीमन डायसन ह्यांनी १९६० मध्येच दुसरा मार्ग सुचविला. जो समाज प्रचंड ऊर्जा वापरतो त्याला अखेर उष्णता बाहेर टाकावीच लागते. तेव्हा अवरक्त किरणांत तिचा माग काढावा. येथे परक्याच्या इच्छेवर काहीच अवलंबून नाही. पुढल्याच वर्षी श्वार्ट्झ व टाउन्स ह्यांनी प्रकाशझोतांनी संदेश पाठविता येईल, असे दाखविले. १९९५ साली सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवती ग्रह सापडला. तेव्हापासून असे हजारो ग्रह ज्ञात झाले आहेत. त्यांच्या वातावरणात कारखान्यातच बनणारे वायू ओळखता येतील काय, ह्याचाही आता विचार होतो.

‘सापडले’ म्हणण्याचीही घाई नको. १५ ऑगस्ट १९७७ रोजी ओहायोतील दुर्बिणीने ७२ सेकंद टिपलेला प्रबळ संकेत पुन्हा कधी मिळाला नाही. २०१९ साली ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीला प्रॉक्सिमा सेंटॉरीच्या दिशेने मिळालेला संकेत मानवी उपकरणांचाच होता, असा निष्कर्ष २०२१ मध्ये निघाला.

शोधाची व्याप्ती तरी केवढी? जेसन राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली हिशेब केला. रेडिओ शोधाचे संपूर्ण क्षेत्र म्हणजे पृथ्वीवरील महासागर मानले, तर आजवर तपासलेला भाग पोहण्याच्या एखाद्या लहान तलावाएवढा भरतो. तलावात मासा नाही म्हणून सागर रिकामा, असे कोण म्हणेल? पण सागरात मासे आहेतच, हेही त्या तलावावरून सिद्ध होत नाही.

तेव्हा विचारणाऱ्याला प्रामाणिकपणे सांगावे: शोध झाला आहे, पण फार थोडा; आणि आपण जे विचारले तेवढ्याचेच उत्तर मिळते. ह्या मौनाच्या आधारे मानव एकटाच आहे असे व्यासपीठावरून सिद्ध करण्याचा मोह टाळावा. उद्या एखादा संकेत आला, तर असा युक्तिवाद कोसळेल, आणि त्यावर विसंबलेल्या श्रोत्याचा आपल्या इतर शब्दांवरील विश्वासही डळमळेल.