वैविध्य, समन्याय आणि समावेशन : पेढीच्या हिशेबाने

बहुराष्ट्रीय कंपन्यांत नोकरीस असलेली आपली मुले-मुली सुटीत घरी येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात ‘डायव्हर्सिटी, इक्विटी आणि इन्क्लूजन’ हे शब्द वारंवार येतात. गादीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांना ते परदेशातून आलेले एक नवे खूळ वाटते. या शब्दांची घडण मुख्यतः अमेरिकेतील, हे खरे. तेथील १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत वंश, वर्ण, धर्म, लिंग वा मूळ देश यांवरून भेद करण्यास मनाई केली आणि पुढे त्या वाटेने हा विचार विस्तारला. त्याच देशात जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी केंद्र सरकारच्या खात्यांतील असे उपक्रम बंद करण्याचे आदेश काढले. तो वाद तेथे चालू राहील. आपण या शब्दांचा आपल्या पेढीपुरता अर्थ पाहू.

आपल्याच ताटावरून तो चटकन कळतो. कार्यालयाच्या स्नेहभोजनाला आपल्या मुलाला बोलावले, हे झाले वैविध्य : पंगतीत एक जैन आहे. सर्वांना रात्री नऊ वाजता एकच ताट वाढले, ही समानता. पण चौविहार पाळणारा मुलगा उपाशीच राहिला. त्याच्यासाठी सूर्यास्तापूर्वी कंदमुळाविना जेवणाची सोय केली, हा समन्याय. आणि पुढच्या वेळी वेळ व पदार्थ ठरवतानाच त्याला विचारले, हे समावेशन. विमानात जैन भोजन मागून घेणाऱ्या आपल्या समाजाला हे तत्त्व परके नाही. आपण मागणारे असतो तेव्हा ते फार लवकर पटते! देणारे असतो तेव्हा, म्हणजे दुकानातील मुस्लिम कारागिराला शुक्रवारच्या नमाजासाठी सवड हवी असते, किंवा कुबडी घेऊन येणाऱ्या हिशेबनिसाला तीन पायऱ्या चढवत नाहीत, तेव्हा मात्र ‘सर्वांना नियम एकच’ हे वाक्य आपल्याला आठवते.

तथापि आपल्या घराण्यांत या तीन शब्दांची खरी परीक्षा घरातील स्त्रियांच्या बाबतीत होते, असे बँकेतील नोकरीनंतर माझे ठाम मत झाले आहे. कागदोपत्री आपल्याकडे स्त्रियांची मुळीच वाण नाही. पत्नी भागीदार, सून संचालक, सदनिका आईच्या नावे. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. २०१६ च्या ‘स्टँड-अप इंडिया’ योजनेत महिला उद्योजकांना दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्जाची सोय झाली. संस्था भागीदारीची वा कंपनी असल्यास ५१ टक्के हिस्सा आणि नियंत्रण स्त्रीचे असावे, अशी अट होती. हिस्सा दाखवणे सोपे. नियंत्रणाचे काय? कर्जाच्या कागदांवर पेन्सिलने फुली मारलेल्या जागी सही करणाऱ्या कितीतरी भगिनी मी पाहिल्या. रक्कम किती, असे विचारले की त्या यजमानांच्या तोंडाकडे पाहत.

यात केवळ मानाचा प्रश्न नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार पेढीच्या देण्यासाठी प्रत्येक भागीदार वैयक्तिकरीत्याही पूर्णपणे जबाबदार असतो. ‘मी फक्त सही केली’ हा बचाव चालत नाही. कर्ज थकले की २००२ च्या सरफेसी कायद्याची साठ दिवसांची नोटीस तिच्याही नावे निघते आणि तारण घर तिचे असेल तर तेच प्रथम जाते. वैविध्य आहे आणि समावेशन नाही, अशा पेढीत जोखीम तिची आणि निर्णय दुसऱ्याचा. तोच कायदा प्रत्येक भागीदाराला वह्या पाहण्याचा व त्यांची नक्कल घेण्याचा अधिकार देतो. त्या अधिकाराचा उच्चारही किती घरांत होतो?

कन्येचीही तीच स्थिती. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. त्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच मुलाप्रमाणे सहदायाद ठरली. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही अनेक ठिकाणी तिच्याकडून हक्कसोडपत्र घेतले जाते, तेही बहुधा माहेरच्या एखाद्या मंगलकार्याच्या गडबडीत.

‘व्यापारात कर्तबगारी पाहावी, संख्या नव्हे’, हा आक्षेप मला मान्य आहे. पण जिला खरेदीचा भाव, उधारीची मुदत, बुडीत येणे कधी दाखवलेच नाही, तिची कर्तबगारी कळणार कशी? चतुर्विध संघात श्राविकेला स्वतंत्र स्थान आहे. कल्पसूत्रानुसार भगवान महावीरांच्या संघात साधू चौदा हजार, तर चंदनबालेच्या नेतृत्वाखाली साध्वी छत्तीस हजार होत्या. त्या संख्येसोबत नेतृत्वही स्त्रीकडे होते, हे पर्युषणात आपण ऐकतो आणि पेढीवर विसरतो.

येत्या दिवाळीत वहीपूजन झाल्यावर एवढे करून पाहावे. जिची सही लागणार तो कागद आदल्या दिवशी तिच्या हाती द्यावा. भागीदारांची बैठक स्वयंपाकाच्या वेळी ठेवू नये. येणे-देणे तिच्यासमोर वाचावे, न कळलेले सी. ए. कडून तिला थेट विचारू द्यावे. आणि तिने ‘हे कर्ज नको’ म्हटले, तर त्या दिवशी तरी अर्ज बँकेत पाठवू नये.