गवत्या माशाच्या आहारसवयी

गवत्या मासा (टेनोफॅरिंगोडॉन आयडेला) हा मूळचा पूर्व आशियातील नद्यांमधील असून भारतात तो १९५९ मध्ये हाँगकाँगहून आणण्यात आला. त्याची पिले प्रारंभी प्राणिप्लवकांवर जगतात. काही सेंटिमीटर वाढ झाल्यावर ती वनस्पतींकडे वळतात. जबड्यात दात नसले, तरी घशातील करवतीसारख्या दातांनी हा मासा वनस्पती कापून बारीक करतो. हायड्रिलासारख्या कोवळ्या, पाण्याखालील वनस्पती त्यास विशेष प्रिय असतात. जलपर्णी मात्र तो सहसा खात नाही.

या माशास जठर नसते व त्याचे आतडे शाकाहाराच्या मानाने आखूड असते. परिणामी खाल्लेल्या अन्नाचा सुमारे निम्मा भाग न पचताच विष्ठेवाटे पाण्यात परततो. मिश्र मत्स्यशेतीत हीच विष्ठा खत ठरते व तिच्यावर पोसलेले प्लवक कटल्यासारख्या माशांचे अन्न होते. नैसर्गिक जलाशयात मात्र तीच शैवालवाढीस कारण होऊ शकते. शिवाय वनस्पतींबरोबर स्थानिक माशांच्या पिलांचा आश्रयही नाहीसा होतो. म्हणून बंदिस्त तळ्यातील तणनियंत्रणासाठी हा मासा उपकारक असला, तरी त्यास नदी-सरोवरांत सोडणे इष्ट नव्हे.