मात्रा ठरलेली, प्रमाण नव्हे

बायपास किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी इंदूरला निमाडातून, बऱ्हाणपुराकडून रुग्ण येतात. औषध ठरल्या मात्रेत दिले, तर रक्तात ते किती आहे हे कशाला मोजायचे, अशी शंका घरच्यांना येणे साहजिक आहे. पण हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्यांत आधीच लिटर-दीड लिटर द्रव भरलेला असतो. तो रक्तात मिसळला की औषध विरळ होते, आणि काही औषधे तर नळ्यांनाच चिकटतात. उलट रक्तातली प्रथिने विरळ झाल्याने औषधाचा मोकळा, म्हणजे खरे काम करणारा भाग वाढतो. मूत्रपिंड मंदावले तर तो साचतोही. म्हणून अभ्यासक लघवीतले प्रमाणही पाहतात.

परिणाम दिसतोच, मग मोजमाप कशाला, हा आक्षेप अर्धा खरा आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनसाठी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची चाचणी, पुरते. हृदयासाठीच्या डिगॉक्सिन या औषधाचे तसे नाही. दुबळ्या हृदयासाठी मिलिलिटरमागे साधारण ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम पुरते, २ च्या पुढे विषबाधेचा धोका वाढतो. आणि मळमळ औषधाची की शस्त्रक्रियेची, हे नुसते पाहून कळत नाही. खर्चाचे म्हणाल, तर प्रत्येक औषधाला रक्तातले प्रमाण मोजण्याची चाचणी लागतच नाही. डिगॉक्सिनसाठी मात्र रक्त गोळीनंतर किमान ६ तासांनी द्यावे. शेवटची गोळी कधी घेतली, ती वेळ लिहून न्या.