ॲसिटल प्लॅस्टिके : यंत्रभागांसाठी तक्ते व गज यांची निवड

फॉर्माल्डिहाइडाच्या बहुवारिकीकरणाने (अनेक लहान रेणू जोडले जाऊन मोठा रेणू तयार होण्याच्या क्रियेने) मिळणारी, उष्णतेने मृदू होणारी व स्फटिकी संरचनेची कठीण प्लॅस्टिके. पॉलिऑक्सिमिथिलीन हे त्यांचे रासायनिक नाव. हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२० नंतरच्या दशकात या बहुवारिकांचा अभ्यास केला. उष्णतेत स्थिर राहणारे एकविध बहुवारिक ड्यू पाँट कंपनीने ‘डेल्रिन’ या नावाने १९६० मध्ये बाजारात आणले. सेलनीज कंपनीचे सहबहुवारिक ‘सेलकॉन’ त्यानंतर १९६२ मध्ये आले.

गुणधर्म : घनता सु. १.४१ ग्रॅ./घ. सेंमी. असते. एकविध प्रकार सु. १७५° से.ला व सहबहुवारिक सु. १६५° से.ला वितळते. घर्षण कमी असल्याने बुश, दंतचक्रे, कप्पी व मार्गदर्शक पट्ट्या यांसाठी हे द्रव्य उपयुक्त ठरते. मराठवाड्यात कोरड्या उन्हाळ्यानंतर दमट पावसाळा येतो. अशा हवेत नायलॉन बराच ओलावा शोषून फुगते. ॲसिटल मात्र पाण्यात दीर्घकाळ ठेवले तरी वजनाच्या सु. १ टक्क्याहून कमी पाणी शोषते.

निवड : एकविध प्रकार किंचित अधिक बळकट व ताठ असतो, परंतु त्याच्या जाड गजाच्या मध्यभागी सूक्ष्म छिद्रे राहण्याचा संभव असतो. त्यामुळे मधोमध भोक पाडून काढून टाकावयाचा भाग सोडल्यास, जाड गजासाठी सहबहुवारिक श्रेयस्कर होय. गरम पाणी व अल्क यांतही तेच अधिक टिकते. तीव्र अम्ले दोन्हींना घातक आहेत. उन्हात राहणाऱ्या भागांसाठी काळा, तर अन्नाशी संपर्क येणाऱ्या भागांसाठी त्या उपयोगास प्रमाणित केलेला माल घ्यावा.

नांदेड व लातूर येथे हिवाळ्यातील पहाट व उन्हाळ्यातील दुपार यांच्या तापमानांत ३०° से. अंतर सहज पडते. एवढ्या फरकाने ५० मिमी. व्यासाचा ॲसिटल गज सु. ०·१६ मिमी. वाढतो, पोलाद सु. ०·०२ मिमी. वाढते. पोलादी घरात घट्ट बसविलेल्या बुशाला बाहेर पसरता येत नाही; त्याचे भोक आक्रसते. म्हणून लातूरच्या डाळगिरणीतील बुश थंडीत काशाच्या मापाने कातल्यास ऐन उन्हाळ्यात दंड जखडून गिरणी बंद पडू शकते. काशापेक्षा अधिक मोकळीक ठेवणे, हाच यावर उपाय होय. सतत ९०° से.च्या वर राहणाऱ्या जागी व खडे-वाळूच्या घर्षणात हे द्रव्य वापरू नये; दुसऱ्या स्थितीत अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन अधिक टिकते.

यंत्रण : हत्यार धारदार असावे व कीस मोकळा निघावा, बोथट हत्याराने पृष्ठभाग तापून माप चुकते. तक्त्याच्या एकाच बाजूचे पुष्कळ द्रव्य काढल्यास तो वाकतो. यासाठी दोन्ही बाजू आलटून-पालटून कापाव्यात व अखेरचा कात भाग थंड झाल्यावर घ्यावा. किसाची ज्योत फिकट निळी, दिवसा जवळजवळ अदृश्य असते व अतितापाने डोळ्यांना झोंबणारा फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. म्हणून कीस वेळोवेळी झाडून दूर ठेवावा.